घटस्फोटानंतरचा नवरा

गेल्या हिवाळ्यात माझ्या एका तमिळ सहकारिणीने 'अवर्गळ' हा जुना चित्रपट पाहायचा आग्रह धरला. "तुमचा शिवाजीराव आहे त्यात," ती हसत म्हणाली. बंगळूरच्या मराठी घरातला शिवाजीराव गायकवाड, म्हणजे रजनीकांत. पण इथे तो नायक नाही. बायकोचा छळ करणारा नवरा आहे.

के. बालचंदर यांचा हा कृष्णधवल चित्रपट फेब्रुवारी १९७७मध्ये आला. सुजाताने साकारलेली अनू मुंबईत रामनाथनशी लग्न करते. लग्नाआधी तिचं एका तरुणावर प्रेम होतं. नवरा संशयाने आणि टोमण्यांनी तिला रोज थोडंथोडं मारतो. शेवटी ती घटस्फोट घेते आणि तान्ह्या मुलाला घेऊन मद्रासला नोकरी करते.

चित्रपटातली ही दोन्ही शहरं कायद्याच्या इतिहासातही एकामागोमाग येतात. हिंदू स्त्रीला घटस्फोटाची वाट मुंबई प्रांताने १९४७मध्ये, तर मद्रासने १९४९मध्ये खुली केली. १९५५चा हिंदू विवाह कायदा देशभर लागू झाला, पण त्यात क्रूरतेच्या कारणावरून फक्त न्यायालयीन विभक्तता मिळे, घटस्फोट नाही. म्हणजे वेगळं राहा, पण बायको म्हणूनच राहा. १९७६च्या दुरुस्तीने क्रूरता हे घटस्फोटाचं कारण ठरलं आणि परस्पर संमतीचा घटस्फोटही आला. पुढच्याच वर्षी 'अवर्गळ' पडद्यावर आला.

बालचंदर यांनी मात्र कोर्टाची लढाई रंगवली नाही. त्यांचा प्रश्न त्यापुढचा आहे: कागदावर सुटलेली बाई खरंच सुटते का? मद्रासमध्ये जुना प्रियकर भेटतो. शब्दभ्रमाचे खेळ करणारा एक सहकारी (कमल हासन) मनातलं प्रेम बाहुलीच्या तोंडून बोलतो. आणि तेवढ्यात रामनाथन परत येतो, पश्चात्तापाची भाषा घेऊन. तो हात उगारत नाही, आवाज चढवत नाही. आता कायद्याने त्याचा तिच्यावर कसलाच हक्क नाही, तरी भोवतालच्या जगाला तो अजून तिचा नवराच वाटतो. त्याचं सुधारणं नाटक ठरतं, पण तोवर अनूची नवी घडी विस्कटलेली असते. मारहाण दाखवणारे चित्रपट पुष्कळ आहेत. माफी मागत केलेला छळ इतक्या नेमकेपणाने क्वचितच दिसतो.

मला सर्वांत जास्त आठवते ती सासू. 'माहेरची साडी'वर रडलेल्या आपल्या पिढीला सासू म्हणजे छळाचा दुसरा हात. इथे लीलावतीने केलेली सासू मुलाच्या पापाची भरपाई म्हणून सुनेच्या घरी राबते, नातवाला सांभाळते. शेवटी अनू सगळ्या पुरुषांना मागे ठेवून रेल्वेने गाव सोडते, तेव्हा तिच्यासोबत जाते ती हीच.

पुढे भारतात छळाविरुद्ध ४९८-अ कलम १९८३मध्ये आलं, कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५मध्ये झाला. ते हवेच होते. पण परदेशात, नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या एखाद्या मैत्रिणीचा रात्री फोन येतो, तेव्हा कळतं की कायद्याच्या आधी आणि नंतरही कुणीतरी माणूस लागतं. "तू निघ, मी येते," एवढं म्हणणारं. अनूला ते सासूत मिळालं. आपल्या ओळखीतल्या अनूला ते कुणात मिळेल?