जंगलाचा जमाखर्च



व्यवस्थापनशास्त्र आणि सार्वजनिक धोरण शिकविणाऱ्या पदव्युत्तर विद्यालयांतून अलीकडे 'शाश्वतता' हा विषय शिकविला जातो. निसर्गाचे मुद्दल न मोडता त्याच्या व्याजावर संसार चालवावा, हे त्याचे सार. ही विद्या १९८७ साली ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालाबरोबर जन्मली, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः ती तीनशे वर्षांची आहे आणि तिचा जन्म खाणीच्या तोंडाशी झाला. जन्माच्या वेळी तिच्या अंगी जो दोष राहिला तो अद्याप पुरता गेलेला नाही, म्हणूनच ही जुनी कथा आज सांगावयाची.

जर्मनीतील सॅक्सनी संस्थानात फ्रायबर्ग येथे चांदीच्या खाणी होत्या. खाणीत टेकूंना लाकूड लागे. धातू गाळावयास कोळसा लागे, तोही लाकडाचाच. पिढ्यान्‌पिढ्या तोड होऊन लाकडाचा तुटवडा पडू लागला. जमिनीत चांदी असूनही ती गाळावयास सरपण मिळणार नाही, ही आपत्ती खाणखात्याचे प्रमुख हान्स कार्ल फॉन कार्लोविट्स यांनी ओळखली. १७१३ साली त्यांनी वनविद्येवर ग्रंथ लिहिला. जितके वाढते तितकेच तोडावे आणि तोडल्या जागी पुन्हा लावावे, हा त्याचा उपदेश. शाश्वततेला आज जर्मन भाषेत जो शब्द आहे, त्याचे मूळ याच ग्रंथात दाखवितात.

पुढे १७२७ साली प्रशियाच्या राजाने हाल्ल आणि ओडरकाठच्या फ्रांकफुर्ट येथील विद्यापीठांत राज्यकारभार व खजिना यांच्या विद्येची अध्यासने स्थापिली. आजच्या धोरण-विद्यालयांची ही पणजीच म्हणावी. वनविद्याही अशाच कारभाऱ्यांसाठी वाढली. थारांट येथे हाइनरिश कोट्टा यांनी १८११ साली शाळा आणली, ती १८१६ साली राजकीय अकादमी झाली. झाडे मोजावी, त्यांची वये लिहावी, वर्षाकाठी किती तोडावयाचे ते ठरवावे, असे ते शिक्षण. यात खोटे काही नव्हते. परंतु वही राजाची होती. गावकऱ्याची चराई आणि गोळा केलेल्या वाळल्या फांद्या यांना तिच्यात जमेचे पान नव्हते. ज्याला गाव वहिवाट म्हणे, त्याला दफ्तर चोरी म्हणू लागले. ऱ्हाईन प्रांतात लाकूडचोरीच्या कायद्याचा वाद माजला, तेव्हा १८४२ साली तरुण कार्ल मार्क्स यांनी गरिबांच्या वहिवाटीची बाजू घेऊन लेख लिहिले.

हीच विद्या जहाजात बसून आपल्या देशी आली. १८६४ साली डीट्रिश ब्रांडिस हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. गावांसाठी स्वतंत्र ग्रामवने असावीत असे त्यांचे मत होते; पण सरकारी मालकीचा पक्ष प्रबळ ठरला. १८७८ साली नवा वनकायदा झाला आणि त्याच वर्षी डेहराडूनची वनशाळा उघडली. एकाच साली कुलूप आणि कुलूप राखणारा तयार करण्याची शाळा, असा हा योग. १८८३ साली महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तेव्हा जंगलखात्याने गुराढोरांची चराई बुडविल्याची तक्रार त्यांनी नोंदविली. १९३० साली बिळाशीस आणि चिरनेरास जंगल सत्याग्रह पेटला. चिरनेरास गोळीबार होऊन माणसे पडली.

ब्रांडिस यांच्या मार्गदर्शनाने शिकलेले गिफर्ड पिंशो अमेरिकेस परतले. त्यांच्या घराण्याच्या देणगीतून १९०० साली येल येथे वनविद्यालय निघाले. व्यापाराचे शिक्षण देणारे व्हॉर्टन १८८१ साली निघालेच होते, हार्वर्डचे १९०८ साली निघाले. एका शाळेत झाड टिकविणे शिकवीत, दुसरीत कारखाना चालविणे. धुराड्यातून निघणारा धूर दोहोंच्याही पुस्तकांत फारसा नव्हता. २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या आश्रयाखाली जबाबदार व्यवस्थापन-शिक्षणाची तत्त्वे मांडली गेली, तेव्हा या दोन विद्यांना एका वर्गात बसविण्याचे ठरले. ही गोष्ट चांगलीच झाली.

तथापि आमचा अनुभव सांगतो की दोष सरला नाही. एका वाटाघाटीत कंपनीच्या तरुण अधिकाऱ्याने आमच्यापुढे शाश्वततेचा सुबक अहवाल ठेवला. वाचविलेले पाणी लिटरांत होते, लाविलेली झाडे नगांत होती. भट्टीपाशी उभ्या असणाऱ्या कंत्राटी माणसांची संख्या आम्ही विचारली, ती त्यात नव्हती. तो मुलगा लबाड नव्हता. त्याला ती मोजावयास कोणी शिकविले नव्हते, इतकेच.

मग ही विद्या कोणी पुरी शिकावी आणि कोठे? गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाकडे पाहावे. तेथे गावकऱ्यांचे अभ्यासगट बसतात. कायदा वाचतात, जंगलाची चर्चा करतात आणि ग्रामसभा सर्वसहमतीने निर्णय घेते. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली या गावास सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला, तो मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांपैकी ते एक. २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. कार्लोविट्सचा नियम तेथेही लागू आहेच. फरक इतकाच की वही गावाच्या मांडीवर आहे.

पदव्युत्तर विद्यालयांना आमचे सांगणे थोडके आहे. मुद्दल मोडू नये हे जरूर शिकवावे. पण मुद्दल कोणाचे आणि व्याज कोणाच्या घरी जाते, हा प्रश्न पहिल्याच तासाला फळ्यावर लिहावा. तो प्रश्न पुसून शिकविलेली शाश्वतता जंगल कदाचित टिकवील, परंतु जंगलातला माणूस टिकविणार नाही. आणि ज्या जंगलाला आपली म्हणणारी माणसे उरत नाहीत, ते नुसत्या पहाऱ्यावर किती दिवस राखता येईल?