चंडीगढची नांदती घरे

इतिहास म्हटला की किल्ले, वाडे आणि देवळे आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. ज्या घरांत आजही चूल पेटते आणि मुले अभ्यासाला बसतात, त्यांनाही इतिहास असतो हे सहसा ध्यानी येत नाही. म्हणून आज आम्ही चंडीगढच्या घरांची हकीकत मांडणार आहोत.

१९४७ च्या फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि पूर्व पंजाबला राजधानी उरली नाही. निर्वासितांचे लोंढे येत होते, पैशांची ओढाताण होती. तरीही नवे नगर वसवायचे ठरले. पहिला आराखडा अल्बर्ट मेयर या अमेरिकन नगररचनाकाराचा. त्याचे सहकारी मॅथ्यू नोवित्स्की १९५० साली विमान-अपघातात निवर्तले आणि पुढे हे काम ल कॉर्बुझिए यांजकडे आले. विधानसभा, उच्च न्यायालय व सचिवालय या इमारतींनी त्यांची कीर्ती वाढली. परंतु नगर म्हणजे केवळ कचेऱ्या नव्हेत. चाकरमान्यांची घरे उभारली ती मुख्यतः त्यांचे चुलतबंधू पिएर जानरे आणि मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू हे इंग्रज दांपत्य यांनी, तरुण भारतीय वास्तुशिल्पज्ञांच्या साहाय्याने.

मंत्र्यापासून शिपायापर्यंत सरकारी घरांच्या तेरा श्रेणी ठरल्या. पोलाद व सिमेंट महाग, म्हणून भिंती विटांच्या; काच महाग, म्हणून खिडक्या बेताच्या. ऊन अडवायला पुढे आलेले छज्जे आणि वारा खेळवायला विटांची जाळी. उन्हाळ्यात माणसे उघड्यावर निजतात, याचाही विचार झाला. शिपायाच्या वाट्याला दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणी, संडास, पडवी आणि अंगण आले. काटकसर ही येथे सबब झाली नाही; तीच सौंदर्याची रीत झाली.

आता त्या घरांनी साठी-सत्तरी ओलांडली आहे. कुटुंब वाढले की पडवी बंद करून खोली होते, छज्जावर पत्रा चढतो. राहणाऱ्यांना दोष देणे सोपे आहे. पण घर हे राहण्यासाठीच असते. उलट, सरकारी कचेऱ्यांनी जानरे यांच्या खुर्च्या भंगार म्हणून लिलावात काढल्या आणि परदेशांत त्यांना मोठे मोल आले. अखेर २०११ साली केंद्र सरकारने अशा सामानाच्या विक्रीस बंदी केली. आपल्या वस्तूची पारख परक्याने करावी आणि मग आपण जागे व्हावे, हा आपला जुनाच शिरस्ता.

२०१६ साली युनेस्कोने चंडीगढच्या राजकीय इमारतींचा समूह जागतिक वारशात घेतला. सेक्टर पाचमधील जानरे यांचे राहते घर २०१७ साली संग्रहालय झाले. हे योग्यच झाले. परंतु नांदत्या घरांचे काय?

तो प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. एका कुटुंबासाठी आखलेल्या भूखंडांवर मजले चढवून, मालकीचे हिस्से करून ते वेगवेगळ्या कुटुंबांना विकले जात होते. १० जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने पहिल्या टप्प्यातील, म्हणजे १ ते ३० या सेक्टरांतील, घरांची अशी वाटणी रोखली. हा टप्पा दीड लाख वस्तीसाठी आखलेला होता. तथापि, जागेचे भाव चढलेले असताना वारसांनी आणि नव्या संसारांनी जावे कोठे, हा प्रश्नही खोटा नाही. या भागात वस्ती वाढवावी काय, याचा विचार वारसा समितीने करावा, असे न्यायालयानेच सांगितले आहे.

आमच्या मते जपायचे काय, हे आधी ठरविले पाहिजे. नळ, तारा, ओटा, न्हाणी कालमानाने बदलणारच. त्यांना आडकाठी करू नये. पण जाळीतून येणारा वारा, छज्जाची सावली आणि शेजाऱ्याच्या वाट्याचा उजेड यांवर घाला येता कामा नये. कारण घराचा प्राण तेथे आहे. आणि जपायचेच तर शिपायांच्या घरांची एखादी रांग, तिच्यातल्या नांदत्या कुटुंबांसह, नीट डागडुजी करून राखावी. विधानसभेला वाली पुष्कळ मिळतील. गरिबाच्याही घराची आखणी स्वतंत्र भारतात इतक्या कळकळीने झाली होती, याची साक्ष मात्र ती दोन खोल्यांची घरेच देऊ शकतील.