पी.पी. नंबर ते पेगासस



आमच्यापैकी ज्यांचं लहानपण धरमपेठेत गेलं, त्यांना 'पी.पी.' ही दोन अक्षरं आठवत असतील. आपल्या घरी फोन नाही, शेजाऱ्यांकडे आहे. मग लग्नपत्रिकेवर आणि नोकरीच्या अर्जावर शेजाऱ्यांचा नंबर लिहायचा आणि त्यापुढे पी.पी. फोन आला की काकू गॅलरीतून हाक मारत. आपण धावत जायचं, आणि सगळं घर टीव्हीचा आवाज कमी करून बसलेलं असताना 'हो', 'नाही', 'बरं', 'पत्रात लिहिते' एवढ्यावर बोलणं उरकायचं. स्थळाचा होकार, नणंदेचं बाळंतपण, भावाची उधारी, सगळं आधी काकूंना कळायचं. त्या वाईट नव्हत्या. फोन त्यांच्या घरात होता, एवढंच.

यावर मुलींनी काढलेला उपाय म्हणजे 'च'ची भाषा. 'घरी'चं 'चरीघ', 'मला'चं 'चलाम', आणि आपल्या नागपूरचं 'चागपूरन'. पहिल्या अक्षराच्या जागी च, आणि खरं अक्षर शेवटी. आज ज्याला एन्क्रिप्शन म्हणतात त्याचाच हा घरगुती प्रकार. दोष एकच, आईलाही ती भाषा येत असे. तीही कधीतरी मुलगी होती.

मग पीसीओ आले. काचेची केबिन, आत छोटा पंखा, समोर लाल आकडे पळणारं मीटर. रात्री दर उतरले की रांग लागायची. दार बंद केलं की आपलं बोलणं आपलं, असं पहिल्यांदा वाटलं ते त्या केबिनमध्ये. बिलावर मात्र कोणत्या गावाला, कुठल्या नंबरावर, किती मिनिटं हे छापून यायचं. बोलणं झाकलं तरी कोणाशी बोललात ते झाकलं जात नाही, हा धडा तेव्हाच मिळाला होता. आम्ही तो नीट वाचला नाही.

सरकारचा कान यापेक्षा जुना आहे. १८८५ चा टेलिग्राफ कायदा इंग्रजांनी केला. त्याच्या पाचव्या कलमात सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता या कारणांसाठी तार अडवण्याचा, वाचण्याचा अधिकार होता. तारेसाठी लिहिलेलं हे कलम पुढे टेलिफोनला लागू झालं, मग मोबाईललाही. स्वातंत्र्यानंतरही ते राहिलं. पुढाऱ्यांचे फोन ऐकले जातात असा गवगवा नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला झाला, पीयूसीएल ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि डिसेंबर १९९६ मध्ये निकाल लागला. फोनवरचं बोलणं हा माणसाच्या खासगी आयुष्याचा भाग आहे, आणि ते ऐकायचं तर गृहसचिवांच्या पातळीवरचा लेखी आदेश हवा, असं न्यायालयानं सांगितलं. त्या आदेशाला मुदत असेल आणि समिती तो तपासेल, असंही. मात्र आदेश देणारे अधिकारीच आणि तपासणारेही अधिकारीच. न्यायाधीशाची सही त्यात कुठेच लागत नाही. २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा झाला, त्यातही ही गोष्ट बदलली नाही.

आता थोडा अभिमानाचा भाग. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे की नाही, हा प्रश्न आधार कार्डाच्या खटल्यातून उभा राहिला. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये ती याचिका केली होती. सरकारचं म्हणणं असं की १९५४ आणि १९६२ च्या जुन्या निकालांप्रमाणे असा हक्कच नाही. २०१५ मध्ये हा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवणाऱ्या तीन न्यायमूर्तींत आपल्या नागपूरचे शरद बोबडे होते. नंतर बसलेल्या नऊ जणांच्या पीठातही ते होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊच्या नऊ जणांनी एकमतानं सांगितलं की हक्क आहे. बोबडे यांनी आपलं स्वतंत्र निकालपत्रही लिहिलं. नागपूर विद्यापीठातून कायदा शिकून इथल्याच खंडपीठात वर्षानुवर्षं वकिली केलेला माणूस त्या निकालात आहे, हे आपल्या मुलींना सांगण्याजोगं आहे.

त्यानंतर दोन वर्षांनी जे घडलं तेही नागपूरचंच. आमच्या बोलण्याचा खरा विषय तो.

व्हॉट्सॲपनं एप्रिल २०१६ मध्ये सगळ्या संदेशांना कुलूप लावलं होतं. निरोप तुमच्या फोनवर बंद होतो आणि समोरच्याच्याच फोनवर उघडतो, मधल्या कंपनीलाही वाचता येत नाही. हे खरं आहे. पण ऑक्टोबर २०१९ मध्ये नागपूरचे वकील निहालसिंग राठोड यांना कॅनडातल्या टोरंटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅबकडून कळलं की त्यांच्या फोनवर हल्ला झाला आहे. भीमा-कोरेगाव प्रकरणात अटक झालेले नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या बचावाचं काम ते करत होते. गडचिरोलीत काम करणारे वकील जगदीश मेश्राम यांचंही नाव त्या यादीत होतं. जगभरात सुमारे १४०० फोन, आणि भारतातले १२१, असं व्हॉट्सॲपनं नंतर सांगितलं.

हल्ला कसा होता तो ऐका. अनोळखी परदेशी नंबरावरून व्हिडिओ कॉल यायचा. उचलायचीही गरज नव्हती. घंटा वाजली की पेगासस नावाचं सॉफ्टवेअर आत शिरू शकत असे. इस्रायलच्या एनएसओ कंपनीनं ते बनवलं, आणि कंपनी म्हणते की ती ते फक्त सरकारांना विकते. आत शिरल्यावर ते कुलूप तोडत बसत नाही. निरोप तुमच्यासाठी उघडलेला असतो, तुम्ही वाचत असता, तेव्हा तेही वाचतं. माईक आणि कॅमेराही त्याच्या ताब्यात जातो. काकूंच्या दिवाणखान्यात बोलण्यासारखंच हे, फक्त काकू दिसत नाहीत.

आपल्या सरकारनं पेगासस घेतलं की नाही, याचं उत्तर राष्ट्रीय सुरक्षेचं कारण सांगून न्यायालयातही दिलं नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये समिती नेमली. समितीकडे २९ फोन आले, त्यांतल्या ५ मध्ये घातक सॉफ्टवेअर सापडलं, पण ते पेगाससच आहे असं ठामपणे म्हणता आलं नाही. सरकारनं सहकार्य केलं नाही, असं समितीनं म्हटल्याचं सरन्यायाधीशांनी ऑगस्ट २०२२ मध्ये भर न्यायालयात सांगितलं. गडलिंग यांच्या संगणकाबद्दलही अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या तपासणी संस्थेनं २०२१ मध्ये अहवाल दिला. त्यात म्हटलं होतं की वीस महिने कोणीतरी त्या संगणकात शिरून होतं आणि पत्रं आत टाकली गेली. राष्ट्रीय तपास संस्थेला हे मान्य नाही, आणि प्रकरण न्यायालयात आहे. आम्ही त्यावर निकाल देणार नाही. ज्यांच्याकडे घटस्फोटाची, पोटगीची, मारहाणीची प्रकरणं घेऊन बायका जातात त्या वकिलांचे फोन असे असतील, तर अशिलाचं काय, एवढंच आमच्या मनात येतं.

हे सगळं झाल्यावर 'सुरक्षित फोन' घ्यावा का, असा प्रश्न आम्हाला कितीदा तरी विचारला गेला. या फोनांचाही इतिहास आहे, आणि तो थोडा गमतीचा आहे. ब्लॅकबेरीचे निरोप वाचता येत नाहीत म्हणून २०१० मध्ये आपल्या सरकारनं कंपनीला मुदत दिली, आणि काही वर्षांत तडजोड झाली. २०१४ मध्ये ब्लॅकफोन आला. युरोपात एन्क्रोचॅट नावाचे फोन विकले जात. काहींमधून कॅमेरा, माईक, जीपीएस काढून टाकलेले. त्यांचे ग्राहक बरेचसे गुन्हेगार. २०२० मध्ये फ्रेंच आणि डच पोलीस त्या जाळ्यातच शिरले. अॅनम नावाचे फोन तर त्याहून पुढचे. १२ हजारांवर फोन शंभरहून अधिक देशांत विकले गेले, आणि जून २०२१ मध्ये उघड झालं की ती सेवा पहिल्यापासून अमेरिकेची एफबीआयच चालवत होती. आठशेहून जास्त लोक पकडले गेले. 'आमचा फोन कोणीच फोडू शकत नाही' अशी जाहिरात दिसली की आम्हाला अॅनम आठवतो.

प्रामाणिक प्रयत्नही आहेत. ग्राफीनओएस ही त्यातली एक प्रणाली. गूगलच्याच पिक्सेल फोनवर ती बसवता येते, फुकट आहे, आणि तिचा कोड कोणीही तपासू शकतं. कोणत्या ॲपला इंटरनेट द्यायचं ते आपण ठरवतो. फोन अठरा तास उघडला नाही तर तो आपणच बंद होऊन पुन्हा सुरू होतो, म्हणजे जप्त झालेल्या फोनमधून माहिती काढणं अवघड जातं. ॲपलनं २०२२ मध्ये लॉकडाउन मोड दिला. पेगाससचे रस्ते त्यानं बरेच अरुंद झाले. पत्रकार, वकील, कार्यकर्त्या यांनी हे जरूर वापरावं.

पण सिम कार्ड आपल्याच कागदपत्रांवर घेतलेलं असतं. तुम्ही लक्ष्मीभुवन चौकात आहात की बर्डीवर, हे टॉवरला कळतंच, कारण त्याशिवाय फोन वाजणार नाही. काही बँकांची ॲप अशा फोनवर चालत नाहीत, आणि भाजीवालीपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळीकडे स्कॅनर लागलेला असताना तो फोन हातात घेऊन गोकुळपेठ बाजारात जाणं कठीणच. शिवाय तुमचं बोलणं दुसऱ्या टोकालाही पडून असतं. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबईतल्या एका तपासात चित्रपटसृष्टीतल्या बायकांचं २०१७ चं चॅट टीव्हीवर दिवसरात्र वाचून दाखवलं गेलं, ते आठवा. कुलूप कोणी फोडलं नव्हतं. कोणाच्या तरी फोनवर ते साठलेलं होतं, बस.

आणि घर? हे सगळे फोन बाहेरच्या चोरासाठी बनवलेले. आपल्यापैकी बहुतेकींना इस्रायलच्या कंपनीची भीती नाही. फोनचा पॅटर्न नवऱ्याला माहीत आहे, मुलाला माहीत आहे, बोट लावायला सासूबाईंनी एकदा सांगितलं की लावावं लागतं. काच फुटली म्हणून दुरुस्तीला दिला तर दुकानातला मुलगा पासवर्ड कागदाच्या चिठ्ठीवर लिहून फोनला रबर लावून ठेवतो, आणि आम्ही सगळ्यांनी तो मुकाट्यानं सांगितलेला आहे. 'लपवण्यासारखं काय आहे तुझ्याकडे?' हे वाक्य सरकारी वकिलाच्या आधी आम्ही स्वयंपाकघरात ऐकलं आहे.

गेल्या महिन्यात आमच्या भिशीला आम्ही एक गोष्ट करून पाहिली. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' असा एक भाग असतो. तुमचं व्हॉट्सॲप आणखी कुठल्या संगणकावर उघडं आहे, ते तिथं दिसतं. फोन दोन मिनिटं दुसऱ्याच्या हातात गेला तरी ते जोडता येतं, आणि मग प्रत्येक निरोप तिकडेही वाचता येतो. पेगाससला लागतात तसे कोट्यवधी रुपये लागत नाहीत. आम्ही अकरा जणी. एकेकीनं फोन काढून पाहिलं. दहा जणींच्या यादीत कोणी नव्हतं, किंवा स्वतःचाच लॅपटॉप होता. एकीच्या यादीत एक संगणक होता, आणि तिच्याकडे संगणक नाही.

कोणीतरी पटकन म्हणालं, अगं, लॉग आउट कर ना, एक बटण दाबायचं आहे. तिनं दाबलं नाही. आज दाबलं तर आज संध्याकाळीच कळेल की मला कळलं आहे, असं ती म्हणाली. फोन पर्समध्ये ठेवला आणि चहा आणखी आहे का विचारलं. त्या दिवसापासून आम्ही तिला महत्त्वाचं काही फोनवर कळवत नाही. संध्याकाळी ट्रॅफिक पार्कच्या फाटकाशी भेटतो.