डॉ. तात्याराव लहाने : जेजे ते संचालनालय

डॉ. तात्याराव लहाने (जन्म १९५७, माकेगाव, जि. लातूर) हे नेत्रशल्यचिकित्सक आणि राज्याच्या वैद्यकीय शिक्षण व संशोधन संचालनालयाचे माजी संचालक. सुरुवातीला ते अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात होते. दिंद्रुडच्या गोरगरिबांना मोठ्या ऑपरेशनसाठी आजही याच अंबाजोगाईचा आधार आहे.

१९९५ मध्ये आई अंजनाबाईंनी त्यांना मूत्रपिंड दिले, हे घरोघरी माहीत आहे. त्यांनी सरकारी यंत्रणा कशी राबवली, हे मात्र कमी सांगितले जाते. मुंबईच्या जेजे रुग्णालयाचे पथक घेऊन ते आनंदवनात कुष्ठरुग्णांचे मोतीबिंदू काढायला जात. आपल्याकडे म्हाताऱ्यांची नजर जाते ती एसटीच्या भाड्यापायी आणि सोबत येणाऱ्याच्या बुडणाऱ्या मजुरीपायी. तिथे दवाखान्यानेच गावाकडे येणे हा निम्मा उपचार असतो.

२००८ मध्ये पद्मश्री, पुढे जेजेचे अधिष्ठातापद. कोरोनाच्या पहिल्या लाटेत संचालनालय त्यांच्याकडे होते.

२०२३ मध्ये जेजेच्या निवासी डॉक्टरांनी आपल्याला पुरेशा शस्त्रक्रिया करायला मिळत नाहीत, अशी तक्रार केली. त्यानंतर लहाने यांच्यासह नऊ डॉक्टरांनी राजीनामे दिले. शिकणाऱ्यांच्या हाती किती शस्त्रक्रिया येतात, हे अंबाजोगाईतही विचारायला हवे.