दोन उपचार, एक फुफ्फुस

स्तनाच्या कर्करोगावरचे दोन मोठे उपचार जवळजवळ एकाच वेळी जन्मले, पण एकमेकांना न ओळखता. जून १८९५मध्ये ग्लासगोचे शल्यचिकित्सक जॉर्ज बीटसन यांनी ३३ वर्षांच्या एका बाईचे दोन्ही बीजकोष काढले. तिचा आजार नेहमीच्या शस्त्रक्रियेच्या हाताबाहेर गेला होता. गाईचे बीजकोष काढले की ती जास्त काळ दूध देते, ही शेतकऱ्यांना ठाऊक असलेली गोष्ट बीटसन यांनी दुग्धस्रावाचा अभ्यास करताना हेरली होती. बीजकोषांचा अंमल स्तनावर चालतो, हा तर्क त्यावरूनच. आठ महिन्यांत गाठी विरल्या.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात राँटगेन यांना क्ष-किरण सापडले. जानेवारी १८९६मध्येच आपण शिकागोत एका स्तनरुग्णावर ते वापरले, असे एमिल ग्रुब पुढे सांगत राहिले. त्यांच्या या दाव्यावर इतिहासकारांचे एकमत नाही.

किरणांची किंमत फुफ्फुसाला मोजावी लागते, हे १९२०च्या दशकात नोंदले गेले. छातीवर किरण दिल्यानंतर काही आठवड्यांपासून सहा महिन्यांपर्यंत कोरडा खोकला, बारीक ताप, धाप. पुढे काही जणींच्या फुफ्फुसात कायमचा व्रण. त्याला तंतुमयता म्हणतात. क्ष-किरण फिल्मवर तिची एक खूण असते. न्यूमोनियाचा डाग बहुधा फुफ्फुसाच्या खंडांच्या हद्दी पाळतो. तंतुमयतेचा डाग मात्र किरणांच्या झोताची सरळ कड धरून उभा असतो.

बीजकोषांपासून सुरू झालेल्या संप्रेरकांच्या, म्हणजे हार्मोनच्या, वाटेवर गोळी आली ती आडवळणाने. डोरा रिचर्डसन यांनी १९६२मध्ये इंग्लंडमधल्या इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीजच्या प्रयोगशाळेत टॅमॉक्सिफेन घडवले, तेव्हा शोध गर्भनिरोधकाचा चालला होता. त्या कामी ते निरुपयोगी ठरले. मँचेस्टरच्या क्रिस्टी रुग्णालयातील मेरी कोल आणि सहकाऱ्यांनी १९७१मध्ये ४६ रुग्णांवरचा अनुभव प्रसिद्ध केला आणि औषधाचे नशीब पालटले. आता एकाच रुग्णाला गोळी आणि किरण दोन्ही मिळू लागले. देणारे विभाग मात्र वेगळेच राहिले, आणि त्यामुळे दोन्ही मिळून फुफ्फुसाचे काय होते, हा प्रश्न बराच काळ कुणाच्याच टेबलावर आला नाही.

तो डेन्मार्कमध्ये आला. तिथल्या राष्ट्रीय चाचण्यांत शस्त्रक्रियेनंतर किरण घेतलेल्या काही स्त्रियांना टॅमॉक्सिफेन दिले गेले होते, काहींना नाही. सोरेन बेंटझेन आणि सहकाऱ्यांनी त्यांच्या छातीच्या फिल्म तपासल्या. गोळी घेणाऱ्यांच्या फुफ्फुसात ठळक तंतुमयता जास्त आढळली. निष्कर्ष १९९६मध्ये छापून आला. टॅमॉक्सिफेनमुळे पेशी टीजीएफ-बीटा नावाचे, व्रण वाढवणारे प्रथिन जास्त सोडतात, असे प्रयोगशाळेत आधीच दिसले होते. खरे श्रेय त्या फिल्म नीट जपून ठेवणाऱ्यांचेही आहे. त्या नसत्या तर हा संशय तपासता आला नसता.

धास्ती पसरली, पण पुढचे पुरावे एका सुरात बोलले नाहीत. २००५मध्ये अमेरिकेतून एकाच वेळी तीन अभ्यास आले: गोळी किरणांबरोबर दिली काय किंवा नंतर दिली काय, गाठ परत येण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. टॅमॉक्सिफेननंतर आलेल्या लेट्रोझोल या हार्मोनविरोधी औषधाची किरणांसोबत फ्रान्स-स्वित्झर्लंडमध्ये १५० स्त्रियांवर चाचणी झाली. एकत्र देण्याने त्वचेचा किंवा फुफ्फुसाचा त्रास वाढल्याचे तीत आढळले नाही. दरम्यान झोतही बदलला. सीटी स्कॅनवर आखणी होऊ लागली आणि फुफ्फुसाचा किती भाग किरणांत येतो, हे आधीच मोजता येऊ लागले.

तरीही अनेक डॉक्टर टॅमॉक्सिफेन किरण संपल्यावरच सुरू करतात. काही आठवड्यांच्या उशिराने फारसे बिघडत नाही. गोळी मनाने बंद करणे मात्र महागात पडते. हार्मोनला प्रतिसाद देणाऱ्या कर्करोगात पाच वर्षांच्या टॅमॉक्सिफेनने या आजाराने होणारे १५ वर्षांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. क्षयरोग घरोघरी माहीत असलेल्या आपल्या देशात तर किरणांचा तपशील असलेला कागद जपायलाच हवा. मानेलगत किरण घेतलेल्या बाईच्या फुफ्फुसाच्या टोकाला काही वर्षांनंतर दिसणारा व्रण क्षयाचा वाटू शकतो. तेव्हा झोत कुठून कुठवर होता, हे त्या कागदावरूनच कळते.