आसनगांवची आगगाडी

आसनगांवच्या फलाटावर ताटकळणाऱ्यांस उशिराचें कारण पुसावें, तर ते म्हणतात, "मेल पुढें काढली." या तीन शब्दांमागें मोठा इतिहास आहे. १८५३ सालीं मुंबईहून ठाण्यास आलेली आगगाडी १८५४ त कल्याणास, १८५५ त वासिंदास आणि १८६० च्या फेब्रुवारींत आसनगांवास पोंचली. १८६५ त ती थळघाट चढून इगतपुरीस गेली. मार्ग आखणाऱ्यांची दृष्टि घाटापलीकडच्या कापसावर होती. शहापूरकर रोज सुमारें ८६ किलोमीटर जाऊन मुंबईंत नोकरी करील, हें त्यांच्या स्वप्नींहि नव्हतें.

पुढें वीज आली, लोकलगाड्या आल्या, वस्ती वाढली; परंतु कल्याणपलीकडे जाण्याचा एक व येण्याचा एक, असे दोनच मार्ग राहिले. मेल, मालगाडी आणि लोकल त्यांवरूनच धांवतात. एक अडली कीं मागच्या साऱ्या खोळंबतात, आणि उशिरां आलेल्या एका गाडींत दोन गाड्यांचीं माणसें चढतात. गर्दी ही उशिराचीच सख्खी बहीण!

तानसा-भातसेचें पाणी याच तालुक्यांतून मुंबईस जातें. त्यासाठीं स्वतंत्र नळ घातले गेले. माणसांसाठीं तिसरा मार्ग हातीं घेतला आहे, तो लौकर पुरा व्हावा, एवढेंच या जुन्या शाळामास्तराचें मागणें आहे.