साडेपाचच्या गाडीआधी

संध्याकाळचे चार वाजलेत. हातात फक्कीचं घमेलं घेऊन तुम्ही मैदानावर रेषा मारताय. १८ मीटर लांब, ९ मीटर रुंद. निपाणीकडच्या एका कॉलेजात तुम्ही जिमखान्याचे सर आहात. हा मुलूखच असा आहे, की अर्जुननगरचं देवचंद कॉलेज कोल्हापूर जिल्ह्यात आणि त्याला लागूनच असलेलं निपाणी बेळगाव जिल्ह्यात. वर्गात बसायचं एका राज्यात आणि जेवायचं दुसऱ्या राज्यात, यात इथल्या पोरांना काही नवल वाटत नाही.

नेट ताणून तुम्ही मध्यावर टेप धरता. २.२४ मीटर. ही मुलींची उंची. मुलांची २.४३. कालपर्यंत नेट मुलांच्याच उंचीला बांधलेलं होतं, आज तुम्ही ते खाली घेतलंय.

सातजणी आल्यात. ओढण्या कमरेला घट्ट बांधलेल्या. पहिलीच सर्व्हिस पलीकडून येते आणि दोघींच्या बरोब्बर मध्ये पडते. दोघी एकमेकींकडे बघतात. बॉल मातीत दोन टप्पे खाऊन कुंपणाकडे जातो.

"पडायचं भ्या वाटतं, सर," त्यातली एक म्हणते. "आणि साडेपाचची गाडी चुकली, तर उद्यापासनं घरातनं सोडायचे न्हाईत."

तुमच्याकडे दीड तास आहे. डोळे मिटा.

उघडता, तेव्हा तारीख आहे २३ ऑक्टोबर १९६४. गाव टोकियो, जागा कोमाझावाचं क्रीडासंकुल. आजच इथल्या हॉकीच्या मैदानावर भारतानं पाकिस्तानला १-० हरवून सुवर्णपदक घेतलंय. गोलात उभे होते मराठा लाइट इन्फंट्रीचे शंकर लक्ष्मण, आणि संघात आहेत आपल्या बेळगावचे बंडू पाटील. त्या आनंदात तिथेच थांबावंसं वाटेल, पण तुम्ही आज व्हॉलीबॉलसाठी आलाय. याच संकुलात जपान आणि सोव्हिएत संघाच्या मुली समोरासमोर आहेत. ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉल यंदा पहिल्यांदाच आलंय.

पहिला सेट १५-११, दुसरा १५-८. तिसऱ्यात जपान चौदावर येऊन अडकलंय. पॉइंट घ्यायचा तर सर्व्हिस आपली हवी, असा त्या काळचा नियम, त्यामुळे शेवटचा एक पॉइंट हाताशी येतो आणि निसटतो. पण तुम्ही पॉइंट मोजू नका, मागच्या रांगेकडे बघा. रशियन मुली उंच, त्यांचा स्मॅश जमिनीत भोक पाडेल असा. आणि बुटकी जपानी पोर त्या स्मॅशखाली अंग झोकून देते, बॉल उचलते, खांद्यावरून गोल फिरते आणि दुसऱ्या श्वासाला पायांवर उभी असते. पडणं आणि उठणं यांत फटच नाही. अखेर एका रशियन मुलीचा हात नेटपलीकडे जातो. १५-१३. मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडतात. त्यांचा कोच बाजूला एकटाच आहे, चेहऱ्यावर हसू नाही.

त्याचं नाव हिरोबुमी दाइमात्सु. त्याच्याकडे शिकायचं, तर पदकाच्या मागे जावं लागेल.

काही वर्षं मागे या. ओसाकाजवळचं काइझुका, निचिबो या सूतगिरणीची व्यायामशाळा. संघातल्या बहुतेक सगळ्या याच गिरणीतल्या. दिवसभर नोकरी करून त्या इथे येतात. कोचही दिवसा कंपनीचंच काम करतो. सराव सुरू होतो, तो मध्यरात्रीपर्यंत चालतो, कधी त्याच्याही पुढे. दाइमात्सु बॉलमागून बॉल फेकतोय, मुद्दाम हाताच्या टप्प्याबाहेर. मुलगी झेपावते, गोल फिरते, उठते, तोवर पुढचा बॉल निघालेला असतो. पाडली तरी आपसूक उठून बसणारी बुडाशी जड बाहुली असते ना, तिच्यावरून त्याला हे सुचलं. आपल्या मुली उंचीनं कमी, मग जमिनीजवळचा खेळ आपला, हा त्याचा साधा हिशोब. १९६२ साली मॉस्कोत सोव्हिएत संघाला त्यांच्या घरच्या मैदानावर हरवून हा संघ जगज्जेता झाला, तो याच हिशोबावर.

आता जवळ जा. फरशीवर घामाचा ओला पट्टा उमटलाय, पोरीच्या कोपराची साल निघालीय. ती रडतेय आणि रडता रडता पुढच्या बॉलसाठी वाकतेय. जपानात त्याला राक्षस म्हणायचे, ते उगाच नाही.

हा कडकपणा आला कुठून? आणखी मागे, १९४४ च्या इम्फाळ मोहिमेत. उपासमार आणि रोगराईनं जपानी फौज तिथे हजारोंनी मेली, त्यातून परत आलेल्यांत दाइमात्सु एक. त्याच मोहिमेत सांगशाकला जपान्यांना अडवून धरणाऱ्यांत मराठा पलटणीची चौथी बटालियन होती. ज्या पलटणीचं घर म्हणजे आपलं बेळगाव, तिची माणसं आणि हा माणूस एकाच मोहिमेत विरुद्ध बाजूंना होते. शरीर आपल्याला वाटतं त्यापेक्षा फार पुढपर्यंत जातं, अशी खूणगाठ बांधून तो परतला. मला त्याची ही खूणगाठ समजते, पण पोरींच्या अंगावर ती तशीच्या तशी लादणं मला पटत नाही. रणांगण वेगळं आणि मैदान वेगळं. एक गोष्ट मात्र त्याच्या बाजूनं सांगितली पाहिजे. १९६२ नंतर थांबायचं की ऑलिंपिकपर्यंत खेळायचं, हा प्रश्न आला तेव्हा कर्णधार मासाए कासाई आणि तिच्या मैत्रिणींनी स्वतः खेळायचं ठरवलं. आणि सुवर्णपदक मिळाल्यावर दाइमात्सुनं त्या संघाचं कोचपद सोडलं.

परत या, पण थेट मैदानावर नको. वाटेत १९८० च्या आसपास निपाणीला थांबा.

तंबाखूची वखार. दार उघडताच ठसका लागतो. बायका तंबाखू कुटतायत, चाळतायत. पदर नाकातोंडावर गुंडाळलेला, पापण्यांवर तपकिरी धूळ. हात थांबला की ओरडा बसतो. याच बायका पुढे संघटित होऊन संपावर गेल्या, आणि 'युगांतर' या फिल्म गटानं त्यांच्यावर 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा माहितीपट केला, १९८२ मध्ये. १९८१ साली याच गावात शेतकऱ्यांनी तंबाखूच्या भावासाठी महामार्ग अडवला होता, त्याच्या आठवणी अजून सांगितल्या जातात. या बायकांच्या संपाची गोष्ट तितकी कुणी सांगत नाही.

यांच्याकडे बघताना मला काइझुका आठवतं. तिथेही कामगार बायका, इथेही कामगार बायका. तिथे काम सुटल्यावर एक दार उघडायचं, आत लाकडी फरशी, नेट, बॉल आणि वाट बघणारा कोच. इथे काम सुटल्यावर पाणी, चूल, पोरं. गावोगावी चौकातल्या दिव्याखाली शूटिंगबॉल रंगायचा, तो पुरुषांचा. ताकद, चिकाटी, एकमेकींना धरून राहणं, यांत निपाणीच्या बायका कुणाला हार गेल्या नसत्या. त्यांना मैदान मिळालं नाही, इतकंच.

डोळे उघडा. पाच वाजायला आलेत.

दाइमात्सुकडून काय घ्यायचं, ते आता ठरवा. त्याची मध्यरात्र घेऊ नका. ती तुमच्या हातात नाही, आणि असती तरी घ्यायची नव्हती. पहिला बॉल घ्या. लिफ्टर कितीही हुशार असो, स्मॅशर कितीही उंच उडो, अंडरहँडवर पहिला बॉल नीट उचलला गेला नाही तर पुढचं सगळं वाया जातं. टाळ्या स्मॅशला मिळतात, पहिला बॉल उचलणारीचं नाव कुणी घेत नाही. कोचनं तिचं नाव घ्यायचं, मोठ्यानं, सगळ्यांसमोर.

तुम्ही लांब उडीच्या खड्ड्यातली वाळू दोन घमेली आणून मागच्या रेषेजवळ पसरता. गुडघा आधी वाकवायचा, बॉलखाली हात, मग मांडी, मग पाठ, मग खांद्यावरून पलटी. तुम्ही स्वतः आधी पडून दाखवता. शर्टाला वाळू लागते, मुली हसतात. मग ती भ्यालेली पोर पुढे येते. तुम्ही बॉल हळू टाकता, तिच्या हातापासून फक्त वीतभर लांब. ती पडते. बॉल वर जातो, वाकडातिकडा, पण वर जातो. उठताना ती आधी तुमच्याकडे बघत नाही, बॉल कुठं गेला ते बघते.

साडेपाचला दहा कमी. "चला, गाडी," तुम्ही म्हणता. उद्याचा सराव पावणेचारला ठेवायचा, कारण ही गाडी चुकवून चालणार नाही.

सीमेच्या अलीकडे असा की पलीकडे, तुमच्या कॉलेजात नेट असेल, तर उद्या टेप घेऊन जा आणि आठवड्यातले निदान तीन दिवस ते २.२४ वर बांधा. मुलींना गाडीची वेळ आधी विचारा आणि मग सरावाची वेळ ठरवा.